सात नंबरच्या दाराचा राग

मित्रांनो, माझ्या छातीवर पांढऱ्या रंगाने सात हा आकडा काढलेला आहे. ऊन, पाऊस आणि केसांचे तेल लागून तो पुसट झाला आहे, पण गेला नाही. मी एक जुने लोखंडी दार आहे. दारे स्वभावाने शांत असतात असे म्हणतात. असतील. मी तसे नाही. माझा एका माणसावर राग आहे. तो राग का आला आणि कसा फेडला गेला, एवढेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म किसी नावाच्या शहरात झाला. बाजाराच्या खालच्या उतारावर वेल्डरांच्या टपऱ्या आहेत, तिथे. ओम्बाती नावाच्या एका मालकाने नवी चाळ बांधली होती आणि तिच्यासाठी डझनभर दारे करायला सांगितली होती. उंच माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा. माझ्या बिजागऱ्या हातात घेऊन वेल्डर त्याला म्हणाला, "मालक, असल्या बिजागऱ्या घराला लावत नाहीत. दार उघडं असताना कुणीही वर उचललं, तर अख्खं हातात येईल."

"कुणीही उचलणार नाही," ओम्बाती म्हणाला. "मीच उचलणार."

वेल्डर हसला. मला वाटले, असेल काहीतरी गंमत. मी कोवळे होते, नुकतेच रंगवलेले होते, आणि मला फक्त एकदाचे चौकटीत उभे राहायचे होते.

ओम्बातीची चाळ म्हणजे पत्र्याच्या छपराच्या दोन रांगा आणि मध्ये लाल मातीचे अंगण. अंगणाच्या तोंडाशी त्याचे स्वतःचे घर. त्या घराला काळ्या लाकडाचे जाड दार होते, त्याला पितळी मूठ. मालकीणबाई बोसिबोरी रोज सकाळी ती मूठ घासून लख्ख करीत. घराच्या मागे एक अंधारी कोठी होती. ती कशासाठी आहे हे मला तेव्हा माहीत नव्हते.

सातव्या खोलीत गेसारे राहायला आली. तिशीची असेल. दुसऱ्याच्या दुकानात बायकांचे केस विणायची. बरोबर तिची लहान मुलगी, क्वाम्बोका. आमच्या चाळीत कोणीही हौसेने आलेले नव्हते, तीही नाही. ती आधी इस्पितळाजवळच्या नव्या इमारतींत घर बघून आली होती. तिथल्या कारकुनाने तिच्या ओळखपत्राचा नंबर यंत्रात घातला आणि त्याचा चेहरा बदलला. "ताई, तुमचं नाव लाल येतंय," तो म्हणाला. दुसऱ्या इमारतीत तेच. तिसरीकडे तर खोली दाखवायच्या आधीच नंबर मागितला.

गुन्हा तिचा एवढाच की धाकट्या भावाने हप्त्यांवर मोटारसायकल घेतली तेव्हा ती जामीन राहिली होती. हप्ते थकले आणि भाऊ मोटारसायकलसकट समुद्रकाठच्या मोंबासाला निघून गेला. कर्ज बुडवणाऱ्यांच्या यादीत जामिनाचे नाव चढले. "गाडी गेली समुद्राकडे आणि बुडालं माझं नाव," असे ती शेजारणींना सांगायची. त्या हसायच्या, कारण त्यांतल्या बहुतेकींची अशीच काहीतरी गोष्ट होती. कुणाचा नवरा, कुणाचे आजारपण, कुणाचे फोनवर घेतलेले कर्ज. नाव खराब झालेले सगळे लोक शेवटी ओम्बातीच्या अंगणात येत.

"माझ्याकडे यंत्रबिंत्र नाही, बाई," तो प्रत्येकाला म्हणायचा. "मी माणसाचं तोंड बघतो."

तोंड बघायचा आणि भाडे चढवायचा. चांगल्या नावाच्या माणसाने त्या खोलीला निम्मेही दिले नसते.

पण मित्रांनो, ते पहिले दिवस माझे सुखाचे होते. किसीत दुपारी पाऊस येतो, रोज, ठरल्यासारखा. पाऊस थांबला की गेसारे मला फडक्याने पुसायची. माझ्या बिजागऱ्या करकरल्या तर केसांना लावायचे तेल बोटावर घेऊन घालायची. आतून तिने माझ्यावर आरसा टांगला होता. संध्याकाळी उकड आणि भाजी चुलीवरून उतरली की ती मला लावून घ्यायची, कडी सरकवायची आणि कमरेचा कपडा सैल करून जमिनीवर पाय पसरून बसायची. दिवसभर हसून बोलणारी ती बाई त्या कडीच्या आवाजानंतर कुणाशीच हसायची नाही, कारण तिला गरज नसायची. दाराला याहून मोठा मान कुठला?

मग एका महिन्यात क्वाम्बोकाला विषमज्वर झाला. गेसारे मुलीजवळ इस्पितळात राहिली. काम बुडाले, भाडे थांबले. तिने ओम्बातीला निरोप पाठवला की मुलगी उठली की देते. उत्तर आले नाही. एके सकाळी ती कपडे न्यायला घरी आली, मला उघडून आत गेली, आणि ओम्बातीचा गडी मकोरी अंगणातून चालत आला. त्याने मला खालून धरले आणि वर उचलले. मी निघाले. अगदी सहज निघाले. टपरीतले ते बोलणे गंमत नव्हते हे मला तेव्हा कळले.

मकोरीने मला डोक्यावर घेतले आणि अख्ख्या चाळीसमोरून मागच्या कोठीकडे नेले. गेसारे मागून धावत आली नाही. ती रिकाम्या चौकटीत मुलीचे फ्रॉक हातात घेऊन उभी राहिली. कोठीत मला भिंतीला टेकवताना ओम्बातीने मदतीला हात लावला. त्याचा अंगठा माझ्या आणि भिंतीच्या मध्ये सापडला आणि नख काळे पडले. त्याला वाटले, चुकून झाले. ते चुकून झाले नव्हते.

कोठीत आणखीही दारे होती. नऊ नंबर, तीन नंबर. कुणाचे दार निघाले की त्या खोलीतली बाई चौकटीला कापड बांधायची, टेबल आडवे लावायची आणि जागत बसायची. भाडे आणून दिले की दार परत. दारे अशी ओलीस ठेवायला ती कोठी होती. ओम्बातीला यंत्र लागत नव्हते ते यामुळे.

गेसारेनेही चौकटीला आपला छापील कपडा बांधला. दुपारचा पाऊस त्याखालून आत येऊन चटई भिजवायचा. ती शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून इस्पितळात जायची. शेजारीण तरी किती बसणार? तिलाही पोट होते. अशाच एका दुपारी खोलीतले केस वाळवायचे यंत्र गेले. डोक्यावर टोपासारखे बसणारे, उभ्या दांड्याचे ते यंत्र गेसारेने किसुमूच्या एका बंद होणाऱ्या दुकानातून मिळवले होते. स्वतःचे दुकान काढायचे, म्हणून. ते ती अजून एकदाही वापरू शकली नव्हती.

ती ओम्बातीकडे आली तेव्हा तो कोठीच्या दाराशीच उभा होता, म्हणून मी शब्द न् शब्द ऐकला. ती ओरडली नाही. म्हणाली, "मालक, तुम्ही दार नेलंत म्हणून चोर आला."

"माझं काही चोरीला गेलं का?" तो म्हणाला. "भिंती आहेत, छप्पर आहे. सामान तुझं, ते तू सांभाळायचं."

"दाराशिवाय कसं सांभाळायचं?"

"मग जा ना दुसरीकडे. मी बांधून ठेवलंय?" तो हसला, खालच्या आवाजात, जणू शहाणपणा सांगतोय. "जा, गेसारे. तुझ्या नावाला या गावात कुठलं दार उघडतं, ते मलाही बघायचंय."

ती वळून खोलीकडे गेली. पण त्या दिवसापासून ती आणि मी, आम्ही दोघांनी ते वाक्य जपून ठेवले.

तिने चर्चमधल्या बायकांकडून उसने घेऊन सगळे भाडे चुकते केले. मकोरीने मला परत बसवले. आता ती मला पुसत नव्हती. संध्याकाळी कडी लावली की माझ्यावर तळहात ठेवून उभी राहायची. तो हात गरम असायचा.

एका रविवारी सगळी चाळ चर्चला गेली. ओम्बाती पहिल्या बाकावर बसला असेल. गेसारेने हातगाडी बोलावली, त्यावर पलंग, भांडी, चटई चढवली, मुलीला वर बसवले. मग मला उघडून खालून धरले आणि वर उचलले. गाडीवाला म्हणाला, "बाई, दार पण?"

"दार पण," ती म्हणाली. "माझ्या यंत्राचं देणं त्यांच्याकडे राहिलंय, त्यांचं दार माझ्याकडे राहील."

भर दिवसा, भर रस्त्याने आम्ही निघालो. मी सगळ्यांत वर होते, सात नंबर आभाळाकडे करून. एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

बाजाराच्या रस्त्याला केरुबो नावाची एक म्हातारी केळी विकायची. तिच्या मालकीची रस्त्याकडेला पत्र्याची टपरी होती आणि मागे एक खोली. टपरीला दार नव्हते. गेसारेने तिला आधीच सांगून टाकले होते, "आजी, यंत्रात माझं नाव खराब आहे."

"यंत्राला मी ओळखत नाही," म्हातारी म्हणाली. "तुझ्या शेजारणीचं नाव सांग." मग ती स्वतः चालत चाळीत गेली, शेजारणीशी बोलली आणि परत येऊन म्हणाली, "ती म्हणते, बाई भांडखोर आहे पण पैसे देते. मला भांडण चालतं."

असे मी केस विणायच्या दुकानाचे दार झाले. आणि मित्रांनो, इथून सूड सुरू होतो.

केस विणायला अर्धा दिवस लागतो. तेवढा वेळ बाई खुर्चीत बसून असते. तिला मान हलवता येत नाही, कान मात्र मोकळे असतात. येणारी प्रत्येक बाई मला बघून विचारायची, टपरीला हा सात नंबर कशाला? गेसारे सांगायची. चाळीचे नाव, मालकाचे नाव, बिजागऱ्या, कोठी, पाऊस, यंत्र. एक अक्षर खोटे सांगायची नाही, एक अक्षर वाढवायची नाही. बाई घरी जाऊन बहिणीला सांगायची, बहीण बाजारात सांगायची. ओम्बातीच्या खोल्या बघायला आलेली माणसे अंगणातूनच विचारू लागली, "दारं उचलून नेतात ती चाळ हीच का?"

एवढ्यावर ती थांबली नाही. चाळीतल्या जुन्या शेजारणी केसांसाठी तिच्याकडे येत. तीन नंबरवाली, नऊ नंबरवाली. त्यांचीही नावे लाल. गेसारे त्यांना घेऊन बाजारातल्या म्हाताऱ्यांकडे जायची, ज्यांच्याकडे एखादी खोली असे पण यंत्र नसे. "मी हिला ओळखते," ती म्हणायची. "हिने दोन वर्षं माझ्या शेजारी काढली. एकदा उशीर झाला होता, का झाला तेही सांगते." म्हाताऱ्या ऐकून घ्यायच्या. चाळीतली एकेक खोली रिकामी होत गेली. जी चाळ खराब नावांवर उभी होती, तिच्या मालकाचे नाव आता खराब झाले होते.

एकदा ओम्बाती वस्तीप्रमुखाला घेऊन आमच्या टपरीवर आला. "हे बघा," तो माझ्या छातीवरच्या आकड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "चोरीचा माल."

गेसारेच्या हातात कंगवा होता. "हो, दार त्यांचंच आहे," ती वस्तीप्रमुखाला म्हणाली. "आता घेऊन जाऊ देत. फक्त ते माझ्याकडे का आलं, हे त्यांनी तुमच्यासमोर सांगावं."

वस्तीप्रमुख बोलणार तोच खुर्चीतून आवाज आला. अर्धे डोके विणलेली, अर्धे मोकळे, अशी त्याची स्वतःची बायको तिथे बसली होती. "तुम्ही त्यांना विचारा," ती नवऱ्याला म्हणाली, "की भाडेकऱ्याचं दार काढायची परवानगी त्यांनी कुणाकडून घेतली. मला सकाळपासून हेच ऐकायला मिळतंय."

प्रमुखाने ओम्बातीकडे पाहिले. ओम्बातीने माझ्याकडे पाहिले. मी पावसाच्या पाण्याने निथळत उभे होते. दोघे निघून गेले.

पुढे काही महिने गेले आणि ओम्बाती एकटा आला. शर्टाला इस्त्री नव्हती. भाड्याच्या भरवशावर त्याने वरचा मजला चढवायला बँकेकडून पैसे घेतले होते, आणि मजला रिकामा होता. मकोरी पगार थकला म्हणून सोडून गेला होता. बँकेच्या यंत्रात आता ओम्बातीचे स्वतःचे नाव लाल व्हायच्या बेतात होते. तो बाकावर बसला आणि म्हणाला, "गेसारे, ही गोष्ट सांगायची थांबवायला तुला काय हवंय ते सांग."

"माझ्या यंत्राची किंमत," ती म्हणाली.

"देतो."

"आणि तुमच्या घराचं पुढचं दार."

तो हसायला लागला. ती हसत नाही हे पाहून थांबला. "वेड लागलंय तुला?"

"कायमचं नाही मागत. मी सांगेन तोवर ते इथे राहील. मग घेऊन जा."

तो उठून गेला. दहा नंबरवाली खोली सोडून गेली. मग एके दुपारी चढावावरून तो येताना दिसला. पाठीवर ते काळ्या लाकडाचे दार, वाकलेला, बुटांना लाल चिखल. हातगाडी करायची त्याला लाज वाटली असेल, नाहीतर परवडली नसेल. बाजारातली माणसे बाजूला होऊन वाट देत होती आणि आदराने विचारत होती, "कुठे निघालात, मालक?" त्याने ते दार माझ्या शेजारी टेकवले. त्याची पितळी मूठ माझ्या अंगाला लागली. मला दया आली नाही. मी खोटे का सांगू?

दाराशिवाय घर म्हणजे काय, ते त्याला मग समजले. त्याला बाहेर पडता येईना. टीव्ही होता, गाद्या होत्या, चांगली भांडी होती. तो खुर्ची घेऊन रिकाम्या चौकटीत बसायचा. दुपारी पाऊस आला की खुर्ची मागे घ्यायचा, थांबला की पुढे. जाता येता लोक विचारायचे, "बरं आहे ना, मालक? हल्ली बाजारात दिसत नाही?" गेसारे एकदा मुलीला घेऊन त्या रस्त्याने गेली. परत आल्यावर क्वाम्बोकाने विचारले, त्यांना भीती वाटत असेल का. "वाटू दे," गेसारे म्हणाली, आणि तिने मुलीला जवळ घेऊन तिचे केस विंचरायला सुरुवात केली.

मग बोसिबोरी मालकीणबाई टपरीवर आल्या. गेसारे त्यांच्यासाठी उठली. आता ही विनवणी करणार, असे आम्हा दोघांना वाटले. मालकीणबाईंनी आपल्या दाराच्या मुठीकडे पाहिले, कपड्याच्या टोकाने ती पुसली आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

"केस विणून दे," त्या म्हणाल्या. "बारीक वेण्या. मी बहिणीकडे चाललेय."

"दार न्यायचं नाही का, मालकीणबाई?"

"इतक्यात नको. मी होते तोवर एक जण झोपायचं, एक जागायचं. आता त्याला एकट्याला बसू दे." अर्धे डोके झाल्यावर त्या पुन्हा बोलल्या. "मकोरी तुझं दार घेऊन गेला तेव्हा मी खिडकीत होते. मी पडदा ओढून घेतला. तू मला माफ कर असं मी म्हणत नाही."

"मी करतही नाही," गेसारे म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. वेण्या मात्र तिने अशा सुबक घातल्या की तशा पुन्हा कधी घातलेल्या मी पाहिल्या नाहीत, आणि पैसे पुरते घेतले.

शेवटी गेसारेने निरोप धाडला. ओम्बाती आला तेव्हा दुकानात तीन बायका होत्या, आणि खुर्चीतल्या बाईचे काम नुकते सुरू झाले होते. "बसा," गेसारे म्हणाली. "हे डोकं झालं की देते." तो बायकांच्या मध्ये बाकावर बसला. अर्धा दिवस बसला. शेजारच्या बाईने त्याला विचारले, काका, आपलं घर कुठे? दुसरीने विचारले, खोल्या आहेत म्हणे तुमच्या, भाडं किती? तिसरीने विचारले, दार देता ना हो? त्याने सगळ्यांना उत्तरे दिली, मान खाली घालून.

काम संपले. गेसारेने हात धुतले. त्याने यंत्राचे पैसे बाकावर ठेवले, तिने मोजून घेतले. ते जड दार त्याने पाठीवर घेतले आणि तो माझ्यातून बाहेर पडता पडता थांबला.

"आता तरी माझं नाव सोडशील ना?"

"तुमचं नाव मी कुठे धरलंय, मालक?" ती म्हणाली. "कुणी विचारलं तर जे झालं ते सांगेन. दार उचललंत, ते सांगेन. पैसे भरलेत, तेही सांगेन. माझ्याबद्दल यंत्र वाईट तेवढंच सांगतं, चांगलं सांगत नाही. मी दोन्ही सांगते."

तो चढाव उतरून गेला. त्याच्या चाळीत पुन्हा माणसे आली आहेत, थोडी, आणि त्यांची दारे त्यांच्या चौकटीत आहेत. गेसारेचे नाव यंत्रात अजून लालच आहे. इस्पितळाजवळच्या इमारतींत तिला आजही खोली मिळणार नाही. ती केरुबो आजीच्या मागच्या खोलीत राहते आणि संध्याकाळी दुकान बंद करताना मला पुन्हा फडक्याने पुसू लागली आहे.

मित्रांनो, तुमच्या घराच्या दाराची निगा राखा. पाऊस थांबला की त्याला पुसा, बिजागरीत तेल घाला, आणि रागावून त्याला आदळू नका. त्याने तुमचे काही वाईट केलेले नसते. आणि मोठे होऊन जर कधी तुमच्या मालकीच्या खोल्या झाल्या, आणि खराब नावाचे एखादे माणूस मुलीचा हात धरून तुमच्या उंबऱ्याशी आले, तर त्याला त्याच्या शेजाऱ्याचे नाव विचारा. मग दार द्या, किंवा देऊ नका. पण एकदा दिलेले काढून नेऊ नका. माणसे विसरत असतील. आम्ही लोखंडाची दारे विसरत नाही.